नागरिकशास्त्राचा ऑफ तास

शाळेत नागरिकशास्त्र हा विषय कुणी कधी सीरियसली घेतलाय? आमच्या वर्गात तरी नाही. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेला, बिच्चारा! गणिताच्या सरांचा पोर्शन राहिला की पहिला बळी नागरिकशास्त्राच्या तासाचा. गॅदरिंगची प्रॅक्टिस? नागरिकशास्त्राचा तास. वक्तृत्व स्पर्धा? नागरिकशास्त्राचा तास. ग्रामपंचायतीचे सदस्य कमीत कमी सात, जास्तीत जास्त सतरा, एवढं पाठ केलं की सुटलो. आयुष्यात ग्रामपंचायतीची पायरी न चढलेले आपण सगळे हे उत्तर मात्र झोपेतही देऊ.

हे आठवायचं कारण म्हणजे ‘डिजिटल नागरिकत्व’ नावाचं प्रकरण. गेले तीन महिने माझे शनिवार त्यातच चाललेत. शब्द एकदम सेमिनारछाप वाटतो, कबूल. पण अर्थ साधा आहे. रांगेत कसं उभं राहायचं, शेजाऱ्याशी कसं बोलायचं, रस्त्यात कुणी कुणाला मारत असेल तर काय करायचं, हे जसं शिकावं लागतं तसंच नेटवरही. मोबाइल चालवता येणं वेगळं आणि मोबाइलवर चार माणसांत राहता येणं वेगळं. अमेरिकेत माइक रिबल आणि जेराल्ड बेली यांनी २००७ साली शाळांसाठी यावर पुस्तक लिहिलं. त्यात याचे चक्क नऊ भाग पाडले होते. शिष्टाचार, कायदा, हक्क आणि जबाबदाऱ्या, सुरक्षितता, तब्येत, खरेदी-विक्री, अगदी इंटरनेट सगळ्यांपर्यंत पोचतंय का इथपर्यंत. २००७! तेव्हा आमची अख्खी बॅच ऑर्कुटवर एकमेकांना स्क्रॅप टाकण्यात बिझी होती.

तुम्ही म्हणाल, मला पोरंबाळं नाहीत, मी शिक्षक नाही, मला काय त्याचं? थांबा. तुम्ही कुणाचे तरी मामा, मावशी, आत्या किंवा काका आहात ना? आणि ऑफिसात कम्प्युटरसमोर बसता ना? मग तो फोन तुम्हाला येणारच. ‘अगं, तू कम्प्युटरमधली ना...’ या शब्दांनी सुरू होणारा.

मला तो आला माझ्या ताईचा.

एक स्टिकर आणि अकरा दिवस

ताई डोंबिवलीकडच्या एका मराठी शाळेत शिकवते. आठवीची क्लासटीचर. जानेवारीत तिच्या वर्गातली एक मुलगी अचानक शाळेत यायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. घरी फोन केला तर आई म्हणाली, पोटात दुखतंय. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. अकराव्या दिवशी तिची मैत्रीण मधल्या सुट्टीत टीचर्सरूमच्या दाराशी घुटमळत उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, तिच्या पोटात नाही दुखत.’

झालं होतं असं. गॅदरिंगच्या नाटकात ही मुलगी वाक्यं विसरली आणि स्टेजवरच रडू लागली. मुलांच्या खासगी व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी त्या रडक्या चेहऱ्याचा स्टिकर केला. मग कुणी होमवर्क विसरलं की तो स्टिकर. मॅच हरलो की तो स्टिकर. रात्री साडेअकराला ‘गुड नाइट’च्या जागीही तो स्टिकर! दिवसाला शंभर वेळा स्वतःचंच रडणं बघायचं, आणि सकाळी त्याच मुलांच्या बाकावर जाऊन बसायचं. पोटात दुखणार नाही तर काय?

आता यातली गंमत (गंमत कसली!) बघा. तो चेहरा मुलांना मिळाला कुठून? नाटकाच्या वेळी मुलांकडे मोबाइल नव्हते. शाळेत बंदीच आहे. व्हिडिओ काढला होता एका पालकांनी, कौतुकाने. टाकला होता पालकांच्या ग्रुपवर. खाली बावीस जणांचे टाळ्या आणि हसून लोटपोट झालेले इमोजी. तिथून तो आईच्या फोनवरून मुलाकडे, मुलाकडून ग्रुपवर.

आणि मुलीने घरी का सांगितलं नाही? तिने ताईला नंतर सांगितलं. ‘सांगितलं असतं तर फोन काढून घेतला असता. मग ग्रुपवर माझ्याबद्दल काय चाललंय ते मला कळलंच नसतं.’

ही दोन वाक्यं ताईने मला फोनवर वाचून दाखवली. वहीत लिहून ठेवली होती तिने. म्हणाली, ‘तू मला काहीतरी मटेरियल शोधून दे. मुलांसाठी आणि पालकांसाठी. मी काय बोलू ते मला कळत नाहीये.’

मटेरियल तर पोत्याने आहे!

शोधायला बसले तेव्हा वाटलं होतं फारसं काही नसेल. उलटंच झालं. वाचायला वेळ पुरेना एवढं आहे, आणि बहुतेक सगळं फुकट.

सुरुवात आपल्या सरकारपासून. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सायबर सुरक्षेची एक पुस्तिका काढली. ‘सायबरदोस्त’ नावाने सोशल मीडियावर गृहमंत्रालय जे सल्ले देतं, तेही त्याच वर्षी सुरू झालं. लॉकडाऊनमध्ये, मे २०२० मध्ये, एनसीईआरटी आणि युनेस्कोच्या दिल्ली ऑफिसने मिळून सुरक्षित ऑनलाइन शिक्षणावर छोटी पुस्तिका आणली. तिचा भर सायबर दादागिरीवर आहे, म्हणजे नेमका ताईचा प्रॉब्लेम. हैदराबादच्या सी-डॅकचा सायबर जागृतीचा वेगळा प्रकल्प आहे. त्यात पोस्टर आहेत, कार्टून आहेत, शिक्षक-पालक-मुलं यांच्यासाठी वेगवेगळी पुस्तकं आहेत.

वाचून झाल्यावर मी ताईला प्रामाणिकपणे सांगितलं. माहिती चांगली आहे, पण सूर घराच्या दारावरच्या ‘कुत्र्यापासून सावध’ पाटीचा आहे. पासवर्ड कुणाला देऊ नका. अनोळखी माणसाशी बोलू नका. फोटो टाकू नका. सगळं बरोबर, पण ताईच्या वर्गात अनोळखी माणूस कोण होता? त्या मुलीला छळणारे सगळे तिच्या ओळखीचे होते. तिसरीपासून एका बाकावर बसलेले. पासवर्ड कुणी चोरला नव्हता, कुणी हॅकर आला नव्हता. कायद्याच्या पुस्तकात बसेल असा गुन्हाही धड नव्हता. सुरक्षिततेच्या पुस्तिका चोरापासून वाचवतात. वर्गमित्रांपासून कसं वाचायचं आणि वर्गमित्राशी आपण कसं वागायचं, तिथे त्यांची पानं कमी पडतात. एनसीईआरटीची ती पुस्तिका त्यातल्या त्यात बरी, कारण ती छळ झाला तर मोठ्या माणसाकडे जा म्हणते. फक्त मोठ्या माणसाने पहिलं वाक्य काय बोलावं, ते हवं होतं मला.

ते मिळालं अमेरिकेच्या ‘कॉमन सेन्स’ या संस्थेच्या अभ्यासक्रमात. सॅन फ्रान्सिस्कोची ही संस्था २००३ पासून मुलं आणि मीडिया या विषयावर काम करते. हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झिरो’च्या संशोधकांबरोबर त्यांनी बालवाडीपासून बारावीपर्यंतचे धडे तयार केलेत. शिक्षकांना फुकट. धडा, वर्गातला खेळ, आणि शेवटी घरी न्यायचं एक पान, आईबाबांबरोबर बसून भरायचं. सॉलिड प्रकरण आहे! पण जसंच्या तसं डोंबिवलीत चालत नाही. आपल्याकडे ईमेल कोण वापरतं आठवीत? आणि मुलाच्या हातातला फोन बऱ्याचदा आईचा असतो, आईच्याच नंबरचा. होमवर्क त्याच व्हॉट्सअॅपवर, मावशीच्या लग्नाचे फोटोही त्यावरच आणि तो स्टिकरही.

मग आम्ही दोघींनी एका शनिवारी बसून त्याचं देशीकरण केलं. चहाचे पाच राउंड.

मध्ये पडू नकोस

एक धडा सांगते, कारण तो वर्गात चाललेला मी डोळ्यांनी पाहिला. मागच्या बाकावर बसून. (बाक फारच छोटे झालेत हो, की मी...? जाऊ दे.)

ताईने फळ्यावर एकात एक तीन गोल काढले. आत मी, त्याबाहेर माझे लोक, त्याबाहेर सगळं जग. जबाबदारीची वर्तुळं म्हणतात ते याला. मग एकेक गोष्ट सांगून ती कोणत्या गोलात जाते ते मुलांना विचारायचं. पासवर्ड? आतला गोल. मित्राचा झोपेतला फोटो? एक मुलगा म्हणाला आतला, माझ्या फोनमध्ये आहे ना, म्हणजे माझा. बाकीचे ओरडले, फोटो त्याचा आहे! दहा मिनिटं नुसता गोंधळ. ताई मध्ये बोललीच नाही. शेवटी त्या मुलानेच खडू घेतला आणि फोटो दुसऱ्या गोलात नेऊन लिहिला.

दुसरा भाग होता बघणाऱ्यांचा. इंग्रजी धड्यांत यासाठी दोन शब्द आहेत, नुसता बघत उभा राहणारा आणि उठून उभा राहणारा. पहिल्याला आपल्याकडे फक्कड शब्द तयारच आहे : बघे. अपघात झाला की जमतात ते. दुसऱ्यासाठी काही केल्या शब्द सुचेना. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मध्ये पडणारा.’ वर्ग हसला. मी मात्र चमकले. कारण आपल्या घराघरांत मुलांना हेच तर सांगितलं जातं ना, तू मध्ये पडू नकोस! मारामारी चालली असेल तर मध्ये पडू नकोस. मोठी माणसं बोलतायत, मध्ये पडू नकोस. आणि मग आपण म्हणतो, चाळीस मुलं होती ग्रुपवर, एकालाही बोलावंसं वाटलं नाही?

टीचर्सरूमच्या दाराशी आलेली ती मैत्रीण मध्येच पडली होती.

मध्ये पडायच्या पद्धतीही मुलांनीच काढल्या. ग्रुपवर भांडण करायचं नाही, त्याने स्टिकर अजूनच फिरतो. विषय बदलायचा. जिचा स्टिकर आहे तिला वेगळा मेसेज टाकायचा, ‘मला हे आवडलेलं नाही’. हसणारा इमोजी टाकायचा नाही. आणि खूपच झालं तर मोठ्यांना सांगायचं, चुगली म्हणून नव्हे, मदत म्हणून. चुगली आणि मदत यातला फरक काय, यावर पुन्हा दहा मिनिटं. एकाने सांगितलं, ‘चुगली म्हणजे कुणालातरी मार बसावा म्हणून. मदत म्हणजे कुणाचातरी मार वाचावा म्हणून.’ यापेक्षा बरी व्याख्या मला कुठल्या पीडीएफमध्ये मिळाली नाही.

जाता जाता टेक्निकल गोष्ट. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं म्हणजे स्टिकर गेला असं नाही. ज्याने तो फेव्हरिटमध्ये टाकलाय त्याच्याकडे राहतोच. ज्याच्या त्याच्या फोनमधून ज्याने त्यानेच काढावा लागतो. त्या मुलीची अट एकच होती, सगळ्यांनी काढा. बहुतेकांनी काढला म्हणतात. तपासणार कसं? ती बाराव्या दिवशी शाळेत आली, एवढं खरं.

शहाण्यांची भुतं

मुलांचं झालं. पण शिक्षक-पालकांसाठीचं मटेरियल वाचताना माझ्या डोक्यात दोन जुन्या गोष्टी सारख्या येत होत्या. दोन्ही मोठ्या माणसांच्या.

पहिली २०१७ ची. ‘ब्लू व्हेल’ आठवतोय? पन्नास दिवसांचं चॅलेंज आणि शेवटी आत्महत्या. जुलैमध्ये अंधेरीच्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूशी मीडियाने त्याचा संबंध जोडला आणि देशभर हाहाकार. ऑगस्टमध्ये सरकारने गुगल, फेसबुक, व्हॉट्सअॅपला लिंक काढायला सांगितल्या. घराघरांत मुलांच्या हातांवर ओरखडे शोधले गेले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच लोकसभेत सांगितलं की, तज्ज्ञ समितीने घटना तपासल्या, पण त्यातल्या एकाही घटनेत या गेमचा हात होता हे सिद्ध झालेलं नाही. ही बातमी किती पालकांनी फॉरवर्ड केली असेल? तो गेम मुलांना माहीत व्हायच्या आधी पालकांच्या ग्रुपवर फिरला होता, मुलं घरातूनच ऐकत होती. आणि मुलाच्या हातावर ओरखडे दिसले तर त्यामागे गेम सोडून दुसरं काही दुःख असू शकतं, हा विचार त्या गडबडीत राहूनच गेला.

दुसरी गोष्ट लिहितानाही हात थबकतो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढा भागातले, भिक्षा मागत आले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, हे मेसेज आधीच गावोगाव पोचले होते. जमावाने त्या पाचांना मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत.

त्या वर्षी मुलं पळवणाऱ्यांच्या ज्या क्लिप्स देशभर फिरत होत्या, त्यातली एक तुम्हीही पाहिली असेल. मोटरसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात ती. ती क्लिप कराचीची आहे. तिथल्या ‘रोशनी’ या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने पालकांना जागं करायला केलेली फिल्म. मूळ फिल्ममध्ये शेवटी ते मोटरसायकलवाले परत येतात, मूल सोडतात आणि एक फलक दाखवतात की, मूल पळवायला क्षणभर पुरतो, लक्ष ठेवा. कुणीतरी तो शेवट कापला. बस्स, एवढंच. म्हणजे पालकांच्या जागृतीसाठी केलेलं मटेरियल शेपूट कापून पालकांनाच पाठवलं गेलं, आणि आईवडिलांनी ते काळजीपोटी पुढे ढकललं. वाईट हेतूने ढकललं असं कुणाला म्हणता येईल?

त्यानंतर व्हॉट्सअॅपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसा शिक्का मारायला सुरुवात केली, भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यावर दोन बाण दिसतात. ते दोन बाण म्हणजे काय, हे ताईच्या आठवीला बरोबर माहीत होतं. पालकांच्या सभेत मी विचारलं तर तीनच हात वर.

केरळमध्ये कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्ये यावर छान काम केलं. आदल्या वर्षी गोवर-रुबेला लसीविरुद्ध अफवा उठल्या आणि पालक पोरांना लस द्यायला तयार होईनात. तिथल्या कलेक्टरांनी ठरवलं, आता मुलांनाच शिकवायचं. ‘सत्यमेव जयते’ नावाने सुमारे दीडशे सरकारी शाळांमध्ये तास सुरू झाले. हा मेसेज कुणी पाठवला, फोटो कुठला, कधीचा, हेडलाइन आपल्याला भडकवायला लिहिलीय का. आणि ही मुलं घरी जाऊन मोठ्यांना विचारायला लागली. फंडा लक्षात आला ना? आईबापांना शिकवायचं असेल तर पोरांच्या दप्तरातून जायचं.

चिठ्ठ्या

पालकसभेला चाळीसेक आया आणि मोजून सहा बाबा आले. पहिलाच प्रश्न : ‘मॅडम, फोन किती वाजता काढून घ्यायचा?’ दुसरे एक गृहस्थ म्हणाले, बंदीच करा ना सरळ, ऑस्ट्रेलियाने केली तशी. त्यांचं चूक नव्हतं. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना मोठ्या सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. पण तिथे दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा आईबापांना नाही. हे सांगितल्यावर जरा शांतता पसरली.

बंदीचा प्रयोग बघायला ऑस्ट्रेलियाला कशाला जायला हवं म्हणा! यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल बंद. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. रोज संध्याकाळी सात वाजता गावच्या देवळावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा झाला की मोबाइल बंद, टीव्ही बंद, साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यासाला बसायचं. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई घरोघर फिरून बघत होत्या.

दोन्ही गावांचा हेतू चांगलाच. पण मला विचाराल तर माझं मत वडगावला. तिथे भोंगा वाजला की सीरियल बघणारी आई आणि रील बघणारा बापही थांबतो. पोरांचा फोन एकट्याचा बंद होत नाही.

हे मी सभेत बोलले नाही. त्याऐवजी ताईने डबा उघडला. आदल्या दिवशी मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या. ‘फोनबद्दल घरी सांगावंसं वाटतं, पण सांगत नाही अशी एक गोष्ट.’ ताई वाचत गेली.

‘पप्पा मला न विचारता माझा फोटो स्टेटसला ठेवतात. माझे दात दिसतात.’

‘आई जेवताना रील बघते आणि मला ओरडते.’

‘एक माणूस इन्स्टावर रोज हाय करतो. मी ब्लॉक केला. घरी सांगितलं तर इन्स्टा बंद होईल.’

‘आजोबांनी पाठवलेलं खोटं होतं. मी सांगितलं तर म्हणाले जास्त शहाणा झालास.’

‘काही सांगायचं नाही कारण फोन काढून घेतात.’ हे वाक्य थोड्याफार फरकाने अकरा चिठ्ठ्यांत होतं.

सभेत पंखा सोडून कशाचाच आवाज नाही. मागे बसलेल्या एका आईने हळूच फोन काढला आणि बहुतेक स्वतःचं स्टेटस डिलीट केलं.

मग आम्ही ते पहिलं वाक्य सांगितलं. मूल काही सांगायला आलं तर आधी म्हणा, ‘बरं झालं सांगितलंस.’ एवढंच. ‘तुला सांगितलं होतं ना’ हे नंतर. फोन काढून घ्यायचाच असेल तर तोही नंतर, आणि मुलाशी बोलून. एका बाबांनी वहीत लिहून घेतलं. आई म्हणून तुम्ही पासवर्ड जाणता का, गुगलचं ‘फॅमिली लिंक’ लावायचं का, हे प्रश्नही आले. लावा की! दहा-अकरा वर्षांपर्यंत मस्त उपयोग होतो. तेरा-चौदाव्या वर्षी तीच मुलं दुसऱ्याच्या फोनवर खातं उघडतात, आणि तुम्हाला कळतच नाही.

गंभीर झालं तर

स्टिकरवर निभावलं. कधीकधी निभावत नाही. कुणी मुलीचे किंवा मुलाचे उघडे फोटो मिळवलेत, धमकी देतंय, फोटो एआयने बनवलेत, तर तिथे वर्गातली वर्तुळं उपयोगाची नाहीत. तेव्हा काय करायचं, ते नीट वाचून ठेवा. हा फोन तुम्हालाच येणार आहे.

धमकी देणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो तर नाहीच. मुलाच्या अंगावर ओरडायचं नाही. अकाउंटचं नाव, लिंक, तारीख-वेळ लिहून ठेवायची, पण असे फोटो ‘पुरावा’ म्हणून नातेवाइकांना फॉरवर्ड करत बसायचं नाही. मुलांचे अश्लील फोटो जवळ बाळगणं हादेखील गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मुलं आणि स्त्रियांच्या बाबतीतल्या अशा तक्रारी नाव न देताही घेतात. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो. पैसे गेले असतील तर १९३०, तोही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर येतात. आणि शाळेला माहीत असूनही ‘बदनामी नको’ म्हणून गप्प बसता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि पीडित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आणली. अठराच्या आतल्या वयातला असा फोटो असेल तर तिथे फोटो पाठवायचाच नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो, बोटाच्या ठशासारखा. फक्त तो ठसा केंद्राकडे जातो. सहभागी कंपन्या, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरे, त्या ठशाशी जुळणारा फोटो शोधून काढू शकतात. नाव द्यावं लागत नाही. मर्यादा आहेच. व्हॉट्सअॅपसारख्या कुलूपबंद चॅटच्या आत ती पोचत नाही.

मुलांच्या माहितीबद्दल आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय. त्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि तिची माहिती घ्यायला कंपन्यांना पालकांची संमती लागते. छान आहे. पण मुलाचा फोटो टाकायला पालकाला मुलाची परवानगी लागते, असं काही त्यात नाही. ते घरातच ठरवावं लागेल.

ताईच्या वर्गाने ठरवलंय. अभ्यासक्रमातलं ते घरी न्यायचं पान आम्ही मराठीत केलं, दोन रकाने. एका बाजूला मुलांनी पाळायचे नियम, दुसऱ्या बाजूला आईबाबांनी. मुलांची बाजू पालकांनी भरायची, पालकांची बाजू मुलांनी. मुलांच्या बाजूला सगळीकडे साधारण तेच, रात्री दहानंतर फोन हॉलमध्ये. पालकांच्या बाजूला मात्र व्हरायटी! ‘गाडी चालवताना बोलायचं नाही.’ ‘माझे मार्क फॅमिली ग्रुपवर टाकायचे नाहीत.’ ‘माझा फोटो टाकायच्या आधी मला दाखवायचा.’ शाळेनेही यंदापासून गॅदरिंगचे व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत असं ठरवलंय. ज्याचं काम, त्याच्या घरी तेवढाच तुकडा.

पुढच्या शनिवारी आमचं वर्गाबाहेरचं पहिलं काम आहे. शाळेशेजारच्या सोसायटीत ज्येष्ठांचा कट्टा भरतो. त्यांच्यातल्या एका आजींना ‘पोलीस’ म्हणून व्हिडिओ कॉल आला होता, डिजिटल अरेस्टचा. त्या घाबरल्या, पण नातवाने फोन हातातून घेऊन बंद केला म्हणून वाचल्या. आता कट्ट्याने ताईला निरोप पाठवलाय, आम्हालाही तास हवा. शिकवायला आठवीची पाच मुलं जाणार आहेत. त्यातली एक ती, नाटकात वाक्यं विसरलेली. तिने ताईला आधीच विचारून ठेवलंय, कागदावर बघून बोललं तर चालेल ना?